जुन्या गाडीचे वय आणि धुराचा हिशेब

मुंबईच्या ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी एका प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची नोंदणी झाली. पद्मिनी टॅक्सीची ती शेवटची नोंदणी. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी शहराच्या रस्त्यावरून कायमची गेली. निदान एक तरी टॅक्सी आठवण म्हणून जतन करावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने काही वर्षे आधीच सरकारकडे केली होती. ती मान्य झाली नाही.

टॅक्सीला वयोमर्यादा घालण्यामागे सरळ कारण आहे. टॅक्सी दिवसभर फिरते, सिग्नलला इंजिन चालू ठेवून उभी राहते आणि तिच्या सायलेन्सरचे तोंड फुटपाथवरून चालणाऱ्या लहान मुलाच्या नाकापासून फार लांब नसते. पण त्याच कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, एखाद्या घरात आजोबांनी घेतलेली खासगी पद्मिनी आजही कापडाखाली झाकून ठेवलेली आढळते. रविवारी सकाळी ती बाहेर निघते, दोन-चार किलोमीटर फिरते आणि परत जागेवर येते. या गाडीचे पुढे काय करायचे? ती भंगार आहे की ठेवा? हा प्रश्न वरवर शौकीन मंडळींचा वाटतो. प्रत्यक्षात त्याचे उत्तर ठरते ते धुराच्या नियमांवरून, आणि धुराचे नियम आले माणसाच्या फुप्फुसासाठी. म्हणून आरोग्याच्या बाजूनेही तो तपासून पाहायला हवा.

अननसाच्या वासापासून धुराच्या कायद्यापर्यंत

गाडीचा धूर मोजायला पाहिजे, ही कल्पना अमेरिकेतील कॅलिफोर्नियात रुजली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून लॉस एंजेलिस शहरावर डोळे चुरचुरवणारे तपकिरी धुके पसरू लागले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट तेव्हा अननसाला त्याचा वास कशामुळे येतो, याचा अभ्यास करत होते. तीच उपकरणे त्यांनी धुक्याकडे वळवली. गाड्यांमधून निघणारे अर्धवट जळलेले पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो, हे त्यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिले. ओझोन आकाशात उंचावर असतो तेव्हा आपले रक्षण करतो. श्वासातून आत गेला तर श्वासनलिकेचे अस्तर सोलवटून काढतो. दमेकऱ्यांना तो सर्वांत आधी जाणवतो.

त्यानंतर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियाने नव्या गाड्यांच्या धुरावर मर्यादा घातली. १९७० मध्ये अमेरिकेचा स्वच्छ हवेचा कायदा कडक झाला आणि १९७५ च्या मॉडेलपासून बहुतेक गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. सायलेन्सरच्या आधी बसवलेल्या या डब्यात प्लॅटिनमसारख्या धातूंचा पातळ थर असतो. त्याच्यावरून जाताना विषारी वायूंचे रूपांतर कमी घातक वायूंमध्ये होते. शिसे मात्र हा थर निकामी करते. त्यामुळे पेट्रोलमधून शिसे काढावे लागले आणि त्याचा फायदा असा झाला की जो मूळ हेतूच्या कितीतरी पुढे गेला. १९७६ ते १९८० या चार वर्षांत अमेरिकी नागरिकांच्या रक्तातील शिशाचे सरासरी प्रमाण सुमारे ३७ टक्क्यांनी उतरले. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाव घालते आणि त्याची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. एका यंत्राला जपण्यासाठी केलेला बदल कोट्यवधी मुलांच्या पथ्यावर पडला, असे सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात वारंवार घडत नाही.

एका वर्षाने बदलणारी किंमत

कॅलिफोर्नियात गाडीची दर दोन वर्षांनी धूरतपासणी होते. पूर्वी तिथे ३० वर्षे पूर्ण झालेली गाडी या तपासणीतून आपोआप सुटत असे. २००४ मध्ये कायदा बदलला आणि ही सरकती रेषा एका जागी गोठवली गेली. आता १९७५ आणि त्याआधीच्या मॉडेलच्या पेट्रोल गाड्यांना तपासणी नाही. १९७६ च्या गाडीला आहे, आणि ती पन्नाशीला पोहोचली तरी आहे.

याचा परिणाम बाजारात लगेच दिसतो. शेजारी उभ्या केल्या तर ओळखू येणार नाहीत अशा दोन गाड्या, एक १९७५ ची आणि दुसरी १९७६ ची. पहिलीच्या जाहिरातीत 'धूरतपासणीतून मुक्त' हे शब्द ठळक असतात. दुसरीचा गिऱ्हाईक आधी विचारतो, तपासणीत पास होते का? तिथली तपासणी नुसती धूर मोजून थांबत नाही. कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा धूर कमी करण्यासाठी जे जे भाग बसवलेले होते, ते जागेवर आहेत का हेही डोळ्यांनी पाहिले जाते. धूर स्वच्छ असला तरी एखादा जुना पंप किंवा नळी गायब असेल तर गाडी नापास. असे भाग आज सहज मिळत नाहीत, म्हणून ते ज्या गाडीत शाबूत आहेत ती गाडी मोलाची ठरते. पूर्वी हेच भाग 'इंजिनाची ताकद खातात' म्हणून मालक स्वतः काढून फेकत असत! ३५ वर्षांहून जुन्या आणि संग्राहक म्हणून विमा उतरवलेल्या गाड्यांना सूट द्यावी, असे एक विधेयक २०२५ मध्ये तिथे आले होते. गाड्यांचा प्रचंड संग्रह असलेले विनोदवीर जे लेनो यांनी त्याचा जाहीर पाठपुरावा केला. विधेयक विधिमंडळाच्या समितीतच अडकले. ज्या राज्याने धुक्यात दोन पिढ्या काढल्या, ते सूट द्यायला कचरते हे समजण्यासारखे आहे.

लंडनने उलटा मार्ग निवडला. शहराचे अत्यल्प धूर क्षेत्र २९ ऑगस्ट २०२३ पासून सर्व बरोंमध्ये लागू झाले. निकषात न बसणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड मोजावे लागतात. पण ४० वर्षे पूर्ण झालेली आणि ऐतिहासिक म्हणून नोंदवलेली खासगी गाडी यातून मुक्त आहे, आणि ही रेषा दरवर्षी एक वर्ष पुढे सरकते. परिणामी १९८० ची धूर ओकणारी गाडी फुकट फिरते आणि २०१२ ची डिझेल गाडी पैसे भरते. अडतीस-एकोणचाळीस वर्षांची गाडी विकत घेऊन दोन वर्षे गॅरेजमध्ये ठेवण्याचा हिशेब तिथले लोक करू लागले, तर नवल नाही.

लंडनच्या कडक धोरणामागे एका मृत्यूची सावली आहे. दक्षिण लंडनमध्ये वर्दळीच्या रस्त्याजवळ राहणारी नऊ वर्षांची एक मुलगी २०१३ मध्ये दम्याच्या तीव्र झटक्याने गेली. डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या मृत्यू-चौकशी अधिकाऱ्याने तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेच्या प्रदूषणाची नोंद केली. ब्रिटनमध्ये असे पहिल्यांदाच घडले. गाड्यांच्या शौकाविषयी बोलताना हा संदर्भ नजरेआड करून चालणार नाही.

आपल्याकडची पस्तीस वर्षांची दरी

आता भारताकडे येऊ. १५ जुलै २०२१ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला आणि 'व्हिंटेज' गाडीला पहिल्यांदा कायदेशीर व्याख्या मिळाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची, चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे व्हिंटेज. तिच्या नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि फेरनोंदणीला ५,००० रुपये शुल्क आहे. गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती यासाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या कामासाठी किंवा धंद्यासाठी नाही.

नियम चांगला आहे. अडचण त्याच्या आधीच्या काळात आहे. खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर ती 'जुनी' ठरते आणि ५० वर्षांनी 'व्हिंटेज'. मधली ३५ वर्षे ती कोणाचीच नसते. १९८६ मध्ये घेतलेली पद्मिनी २००१ मध्ये जुनी झाली. व्हिंटेज व्हायला तिला २०३६ उजाडावे लागेल. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या पहिल्या मारुती ८०० गाड्यांची पन्नाशी डिसेंबर २०३३ मध्ये भरेल. ज्या गाडीने मध्यमवर्गाला स्कूटरवरून उतरवून गाडीत बसवले, ती आज कायद्याच्या लेखी वारसाही नाही आणि नवीही नाही.

या दरीत गाडी टिकवणे महाग पडते. दर पाच वर्षांनी फिटनेस तपासणी आणि फेरनोंदणी, महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर. फेरनोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपयांवर गेले आणि २० वर्षांहून जुन्या गाडीसाठी २०२५ मध्ये ते १०,००० झाले. दुसऱ्या बाजूने, गाडी अधिकृत भंगार केंद्रात दिली तर नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. नोकरदार माणूस काय निवडेल हे उघड आहे. त्यामुळे दरीच्या पहिल्या टप्प्यात गाडीची किंमत जवळजवळ लोखंडाच्या भावाला येते आणि बहुतेक गाड्या तिथेच संपतात. ज्या थोड्या पलीकडच्या काठाला पोहोचतात, त्या दुर्मीळ म्हणून एकदम महाग होतात. गाडीचे संग्रहमूल्य तिच्या रूपापेक्षा अशा गाळणीतून किती गाड्या उरल्या यावर अधिक ठरते.

दिल्लीत ही दरी सर्वांत खोल आहे. राष्ट्रीय हरित लवादाने नोव्हेंबर २०१४ मध्ये १५ वर्षांवरील गाड्यांना आणि एप्रिल २०१५ मध्ये १० वर्षांवरील डिझेल गाड्यांना राजधानी परिसरात मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ही बंदी कायम ठेवली. अनेक मालकांनी ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन गाड्या दुसऱ्या राज्यांत पाठवल्या, म्हणजे धूर नष्ट झाला नाही, त्याचा पत्ता बदलला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयाने केवळ वयावरून कारवाई करू नये असे सांगितले आणि डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-४ व त्यापुढच्या गाड्यांपुरते मर्यादित केले. वयाकडून धुराच्या निकषाकडे हे एक पाऊल म्हणता येईल. जतन करण्याजोग्या गाड्यांना मात्र त्याचा उपयोग नाही, कारण त्या सगळ्या बीएस-४ च्या कितीतरी आधीच्या आहेत.

धूर किती, हे किलोमीटर ठरवतात

भारतात पेट्रोल गाड्यांच्या धुरावर पहिली मर्यादा १९९१ मध्ये आली. गाडीच्या आकारानुसार किलोमीटरमागे १४.३ ते २७.१ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड चालत असे. आज बीएस-६ पेट्रोल गाडीला एक ग्रॅमची मुभा आहे. म्हणजे तेव्हाची गाडी आजच्या गाडीच्या चौदा ते सत्तावीस पट विष सोडू शकत होती, तेही कायद्याने! १९८६ च्या गाडीला तर तेवढीही मर्यादा नव्हती.

आता साधा गुणाकार करू. वरचा आकडा धरून जुनी गाडी वर्षाला ३०० किलोमीटर चालवली, तर सुमारे ८ किलो कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. नवी बीएस-६ गाडी मर्यादेइतका वायू सोडत वर्षाला १०,००० किलोमीटर धावली, तर १० किलो. जुन्या गाडीचा धूर मर्यादेच्या दुप्पट धरला तरी आकडा १६ किलोंच्या आसपास राहतो. पण तीच जुनी गाडी रोज ऑफिसला नेली आणि वर्षाला १०,००० किलोमीटर चालवली, तर २७० किलो! गाडी तीच, वर्ष तेच, फरक फक्त वापराचा. फुप्फुसाला आरसी बुकावरची तारीख वाचता येत नाही. त्याला पोहोचतात ते ग्रॅम.

पीयूसी केंद्रावरची तपासणी हा प्रश्न सोडवत नाही. तिथे इंजिन उभ्या जागी मंद चालवून कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले हायड्रोकार्बन मोजतात. २००० च्या आधीच्या चारचाकीला ३ टक्के कार्बन मोनॉक्साइड चालतो, बीएस-४ नंतरच्या पेट्रोल गाडीला ०.३ टक्के. म्हणजे प्रत्येक गाडीला तिच्या पिढीच्या मापाने मोजले जाते आणि हे न्याय्यही आहे. मात्र गाडी वर्षभरात किती चालली हे पीयूसीच्या कागदावरून ठरत नाही. जुन्या गाडीच्या नियमात वर्षाचे किलोमीटर मोजण्याची तरतूद आली आणि त्या बदल्यात तिशीतल्या गाडीलाही मर्यादित वापराची नोंदणी मिळाली, तर दरी बरीच बुजेल. जुन्या गाड्यांच्या 'फिवा' या जागतिक संघटनेच्या व्याख्येतही वय ३० वर्षांचेच आहे, आणि गाडी रोजच्या प्रवासाची नसावी अशी अट आहे. जर्मनीतही ३० वर्षांच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला वेगळी नंबर प्लेट मिळते आणि ती शहरांच्या पर्यावरण क्षेत्रात जाऊ शकते.

शौकिनांची बाजू मांडताना एक गोष्ट सहसा वगळली जाते. कार्बोरेटरची गाडी उभी असतानाही प्रदूषण करते. उन्हात टाकी तापली की पेट्रोलची वाफ बाहेर पडते. नव्या गाड्यांत ही वाफ कोळशाच्या डब्यात अडवली जाते. जुन्यांत तशी सोय नसते. पेट्रोलच्या वाफेत बेंझिन असते आणि त्याने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. सोसायटीच्या तळघरात झाकून ठेवलेल्या गाडीजवळ पेट्रोलचा वास येत असेल, तर ती जुन्या गाडीची 'खूण' समजून कौतुक करू नये. नळी, गॅस्केट किंवा टाकीचे झाकण बदलायला झाले आहे.

ही नळ्यांची तक्रार आता वाढण्याची शक्यता आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमुळे कार्बन मोनॉक्साइड कमी होतो. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात चारचाकींसाठी ही घट ३० टक्के दिली आहे. मात्र जुन्या गाडीतले रबर आणि कॉर्क त्याला तोंड देण्यासाठी बनवलेले नव्हते. इथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते आणि महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीला आतून गंज लागतो. नळ्या आणि पंपाचा पडदा बदलून घेतला तर गाडीच्या मूळपणाला बाधा येत नाही. इंजिन काढून बॅटरी बसवली तर मात्र येते. धूर शून्यावर येतो, पण इंजिन बदलल्याने व्हिंटेज नोंदणीचा हक्क जातो.

घरी जुनी गाडी असणाऱ्यांनी एक धोका विशेष लक्षात ठेवावा. थंड इंजिन चोक ओढून सुरू केले की पहिल्या काही मिनिटांत सर्वाधिक कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने त्याला धरते. शटर बंद ठेवून गॅरेजमध्ये इंजिन 'जरा गरम' करणाऱ्याला आधी डोके दुखते, मग मळमळते, चक्कर येते, आणि पायांतले बळ गेल्यामुळे दारापर्यंत पोहोचता येत नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूने भरलेले वाटते आणि पडद्यावर ९८ चा आकडा झळकत राहतो. अशा माणसाला आधी मोकळ्या हवेत आणावे आणि आकड्यावर न विसंबता रुग्णालयात न्यावे. तिथे शुद्ध प्राणवायू देतात. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. म्हणून ब्रेकची धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. हे मेकॅनिकलाही सांगावे, कारण ती धूळ आयुष्यभर त्याच्याच छातीत जाणार असते.

१९८६ ची पद्मिनी २०३६ पर्यंत टिकवायची असेल, तर फेरनोंदणीची एकही मुदत चुकवू नये. पहिल्या नोंदणीचा मूळ कागद जपून ठेवावा, कारण ५० वर्षे त्याच तारखेपासून मोजली जातात. कार्बोरेटर, सायलेन्सर आणि इंजिनाचा नंबर जसा आहे तसा राहू द्यावा. नवा भाग बसवलाच तर काढलेला जुना भाग फेकू नये. आणि रविवारी गाडी बाहेर काढताना आधी शटर पूर्ण उघडावे, मग चावी फिरवावी.